रिकामी गाडी नेऊ नये

ज्योतीराम कदमाचं मत कुणाला विचारावं लागत नसे. ते आधीच घरून निघालेलं असे; समोरचा माणूस वाटेत भेटला, एवढंच.

चिंचवडला मुंबई रस्त्याला लागून मोटारी विकणारी एक पेढी होती. पुढं काचेची खोली, मागं पत्र्याची शेड, आणि या दोन्हींच्या मध्ये पांढऱ्या सदऱ्यात उभा असलेला ज्योतीराम. मूळचा साताऱ्याकडचा. लढाईत त्यानं ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर लष्कराची लॉरी हाकली होती. लढाई संपल्यावर दापोडीला रुळांच्या कडेच्या चाळीत बिऱ्हाड केलं आणि गाड्या विकायला लागला. पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना नुकताच उभा राहिला होता. साहेब लोक यायचे, डॉक्टर यायचे, कंत्राटदार यायचे, आणि गाडी घेवोत न घेवोत, ज्योतीरामची मतं घेऊन जायचे.

गाडी ऐपत बघून नव्हे, माणसाची चाल बघून निवडावी, हे त्याचं पहिलं मत. टाचा आपटत चालणाऱ्याला जड गाडी द्यावी, चवड्यावर चालणाऱ्याला हलकी. डॉक्टरला लहान गाडी, कंत्राटदाराला लांबलचक, आणि वकिलाला जुनी, म्हणजे ती बंद पडली की त्याला कोर्टाची पुढची तारीख मागता येते. ब्रेक म्हणजे चुकीची कबुली, असंही तो म्हणे. शहाणा माणूस गियरवर गाडी आवरतो. ब्रेकवर पाय गेला म्हणजे डोळे झोपले होते. आणि सगळ्यांत मोठं मत असं की गाडी कधी लादू नये. रिकामी गाडी म्हणजे उडतं पाखरू.

हे पाखरू दाखवायची त्याची एक खास रीत होती. पितळेचा पेला काठोकाठ भरून तो गाडीत पुढच्या फळीवर ठेवायचा आणि गिऱ्हाइकाला शेजारी बसवून चिंचवडहून दापोडीपर्यंत न्यायचा. थेंब सांडायचा नाही. गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं. आता त्या डांबरी रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा ज्योतीरामच्या ओळखीचा होता, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. 'चल जरा शेताच्या वाटेनं,' असं आजवर एकही गिऱ्हाईक म्हणालं नव्हतं.

त्या वर्षी चैत्रात चाकणच्या लक्ष्मणरावांचा निरोप आला, की गाडी घेऊन या, बघायची आहे. लक्ष्मणराव कांद्याबटाट्याचे मोठे व्यापारी. बाजाराच्या मागं त्यांची वखार, तिच्यात छतापर्यंत कांद्याच्या पोत्यांच्या थप्प्या. ज्योतीराम पेढीतली नवीकोरी निळी गाडी घेऊन निघाला. सीटांवरचे कागदसुद्धा काढले नव्हते. चाकणच्या अलीकडं थांबून त्यानं तिच्यावरची धूळ पुसली, पेला भरला आणि ऐटीत वखारीच्या आवारात शिरला.

लक्ष्मणरावांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. चाकावर हलकेच पाय मारून पाहिला. मग म्हणाले, "आन् भोंगा कसा वाजतो?"

हॉर्नबद्दलही ज्योतीरामचं मत होतं, की तो उगाच वाजवू नये. पण गिऱ्हाइकाचा शब्द. त्यानं आत हात घालून हॉर्न दाबला. खणखणीत वाजला. आवारातली सगळी माणसं वळली. वखारीच्या दारात उंच थप्पीवर, पाठीवर पोतं घेऊन चढत असलेला बिरू नावाचा हमालही वळला. त्याला गाडी नीट बघायची होती. त्यानं अंग जरा जास्तच वळवलं, पायाखालचं पोतं सरकलं आणि सगळी थप्पी त्याच्यासकट खाली आली.

पोती उपसून त्याला बाहेर काढला तेव्हा त्याची उजवी मांडी मधोमध वाकडी झालेली सगळ्यांनी पाहिली. मांडीला जिथं वाकायला जागा नाही, तिथं ती वाकली होती. बिरू ओरडत नव्हता. तो दात आवळून आभाळाकडं बघत होता. त्याची बायको गवराबाई कांदा निवडत बसली होती, ती धावत आली आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

ज्योतीराम गाडीपाशी तसाच उभा. त्याचा हात अजून हॉर्नजवळ होता. हे आपण केलं, एवढंच त्याच्या मनात येत होतं.

"ठकुबाईला बोलवा," कुणीतरी म्हणालं.

ठकुबाई म्हणजे चाकणची हाडं बसवणारी म्हातारी. सत्तरीची, मुठीएवढी, पायात काही नाही. पंचक्रोशीतलं निखळलेलं, मोडलेलं हाड तिच्या हाताखालून गेलेलं. ती आली, कुणाकडं बघितलं नाही, बिरूशेजारी बसली आणि डोळे मिटून दोन्ही तळवे मांडीवर ठेवले. बराच वेळ ती तशीच बसून राहिली. 

"एकाच जागी मोडलंय," ती म्हणाली, "पर तिरकं. तिरकं हाड सुरीवानी आसतं. हे माझं काम न्हाई."

लक्ष्मणरावांना ऐकू आलं ते पटेना. "ठकुमावशे, तू बसवलं न्हाईस आसं हाड हाय का?"

"हाय की. ह्येच हाय. पुन्याला न्या, मोठ्या दवाखान्यात. तितं वजनं टांगून वढून ठेवत्यात. म्या बांधून देते, पर वाटंत हाड हललं तर आतली शीर कापंल, मग पाय जाईल. न्हाईतर मानूसच जाईल. बैलगाडीत घालाल तर भोसरीपातुर सुदिक पोचायचा न्हाई."

सगळे निळ्या गाडीकडं बघायला लागले. लक्ष्मणराव चाचरले. माणूस वाईट नव्हता, पण मनात पाल चुकचुकली. "गाडी आजून माझी न्हाई," ते म्हणाले. "आन् नव्या गाडीला नारळबी फुटला न्हाई. पयल्याच फेरीला आसं..."

"मग फोड की नारळ," ठकुबाई म्हणाली. "त्याला किती येळ लागतोय?"

लक्ष्मणरावांनी एकदा बिरूकडं पाहिलं. मग स्वतःच घरात गेले, नारळ घेऊन आले आणि चाकापुढच्या दगडावर फोडला. नारळ आपण फोडला म्हणजे गाडी आपली झाली, हे तिथं सगळ्यांना कळत होतं. ज्योतीरामनं आयुष्यात इतक्या चटकन गाडी विकली नव्हती, आणि विकल्याचा आनंद इतका कमी कधी झाला नव्हता.

बिरू उंच माणूस. मागच्या सीटवर आडवा मावेना. ज्योतीरामनं पाना घेतला आणि पुढची डावी सीट नट सोडवून उचकटून बाहेर टाकली. पोती चढवायची लांब फळी आत घातली, एक टोक पुढं, एक मागच्या सीटवर. ठकुबाईनं काखेपासून टाचेपर्यंत बांबूच्या कामट्या लावून, फडकी गुंडाळून पाय बांधला. आठ जणांनी बिरूला फळीवर ठेवला. म्हातारी मागं त्याच्या मांडीशी बसली. ज्योतीराम स्टिअरिंगपाशी गेला, किल्ली लावली आणि गाडी आवारातल्या आवारात दहा पावलं पुढं घेतली.

"थांब," ठकुबाई म्हणाली. "तुझी गाडी नाचती."

"नवी गाडी आहे आजी. पाखरासारखी—"

"म्हनूनच म्हनते. रिकामं गाडं उडतं, भरलेलं गाडं डुलतं. गाडीवानाला इचार. ह्यात वझं घाल."

"वझं?"

"कांदं घाल. वखार भरलीया."

नव्या गाडीत कांद्याची पोती! ज्योतीरामच्या सगळ्या मतांच्या मुळावरच म्हातारीनं कुऱ्हाड घातली होती. पण वाद घालायची ती वेळ नव्हती. हमालांनी दोन पोती डिकीत ठेवली आणि एक ठकुबाईच्या पायांपाशी. गाडीची मागची बाजू चार बोटं खाली बसली. त्यानं पुन्हा आवारात दहा पावलं गाडी घेतली, मुद्दाम त्याच खड्ड्यावरून. मघाशी जिथं धक्का बसला होता तिथं आता गाडी नुसती खाली वाकली आणि सावकाश वर आली.

अरे! मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, ओझ्यासाठीच केलेले असतात. ओझं नसलं की ते ताठ राहतात आणि प्रत्येक दगड अंगावर फेकतात. लष्करात त्याला हे दिसलंच होतं की! भरलेली लॉरी झोप आणायची आणि परतीची रिकामी लॉरी आतडी हलवायची. दिसलं होतं, पण गाड्या विकताना ते तो विसरून गेला होता. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, ते कुणाला उद्देशून, हे त्याला त्या आवारात पुरतं उमगलं.

मग त्याला आणखी एक आठवलं. तो खाली उतरला, चारही चाकांपाशी बसला आणि थोडी थोडी हवा सोडली. "वाळूत अडकलो की आम्ही असं करायचो," तो म्हणाला. "चाक मऊ पडतं."

ठकुबाईनं पहिल्यांदाच त्याच्याकडं मान वर करून पाहिलं. "आता बोललास," ती म्हणाली. मग दोन्ही तळवे बिरूच्या मांडीवर ठेवले, एक वरून आणि एक खालून. "म्या 'दम' म्हनले की सावकाश. 'चल' म्हनले की चल. दुसरं काय बोलू नगंस."

त्या दिवशी गाडी हाकताना ज्योतीराम एक शब्दही बोलला नाही, ही त्याच्या ओळखीच्या कुणालाही खरी न वाटणारी गोष्ट आहे. गाडीत जागा नव्हती, म्हणून गवराबाई दुपारच्या यष्टीनं येणार होती. गाडी चाकणबाहेर पडली.

एरवी चाकणहून पुणं म्हणजे तासाभराचा रस्ता. ज्योतीराम दुडक्या चालीनं धावणाऱ्या माणसाच्या बरोबरीनं जात होता. एक सायकलवाला पुढं गेला आणि वळून हसला. मागून "दम" यायचं, की तो गियर उतरवायचा. "चल" यायचं, की हळूच पाय दाबायचा. पहिले दोन मैल त्याला वाटत होतं की म्हातारी रस्ता बघून सांगते आहे. मग आरशात पाहिलं तर तिचे डोळे मिटलेले. ती रस्त्याकडं बघतच नव्हती. चाकाखाली येणारा दगड रस्त्यातून चाकात, चाकातून पाट्यात, फळीत आणि हाडात जात होता, आणि तिथं तिचा हात होता. नऊ वर्षं गाड्या दाखवत, विकत, पुसत आलेल्या ज्योतीरामला त्या क्षणी गाडी म्हणजे काय हे पहिल्यांदा कळल्यासारखं झालं.

मोशीच्या अलीकडच्या उतारावर त्यानं ब्रेकला पाय लावला नाही. दुसऱ्या गियरवर, मग पहिल्यावर गाडी इंद्रायणीकडं घरंगळत नेली आणि पलीकडं तशीच वर घेतली. मागून काहीही आवाज आला नाही. त्याची निदान एक तरी गोष्ट खरी निघाली होती.

पण भोसरीच्या अलीकडं रस्ता संपला. संपला म्हणजे दुरुस्तीला काढला होता. फर्लांगभर नुसती मोठी खडी अंथरलेली, अजून रोलरही फिरला नव्हता. दोन्ही बाजूंना चर. ज्योतीरामनं गाडी थांबवली. बिरूचे ओठ पांढरे पडले होते. ठकुबाई म्हणाली, "ह्यावरनं न्हाई."

कडेला पाच-सहा बाया टोपल्यांनी मुरूम वाहत होत्या. ज्योतीराम त्यांच्याकडं गेला आणि हात जोडले. मुकादम जेवायला गेला होता. बायांतली एक थोराड बाई गाडीकडं बघून म्हणाली, "कंचा सायेब हाय गाडीत?"

"साहेब नाही बाई. हमाल आहे. थप्पी पडली अंगावर. मांडी मोडलीय."

"हमाल?" तिनं टोपली खाली ठेवली आणि गाडीपाशी जाऊन काचेतून आत डोकावली. मोटारीत हमाल निजलेला आणि त्याच्या पायाला धरून बसलेली अनवाणी म्हातारी तिनं पाहिली. ती परत आली ती पदर खोचतच. "ए बायांनो! चाकापुरतं टाका. दोन पट्टं."

त्या बायांनी गाडीच्या चाकांपुढं मुरमाचे दोन पट्टे ओढायला सुरुवात केली. टोपलीमागून टोपली. मुरूम पडला की एक बाई तो पायानं चोपायची, आणि ज्योतीराम गाडी तेवढीच पुढं घ्यायचा. पुढं बाया, मागं गाडी. उन्हानं मुरूम तापला होता आणि त्यांच्या पायांत चपला नव्हत्या. ज्योतीरामनं मोठमोठ्या साहेबांना गाड्या विकल्या होत्या. पण कुणाच्या गाडीपुढं असा रस्ता अंथरलेला त्यानं पाहिला नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याला ते पुसायलाही हात मोकळा नव्हता. फर्लांग संपला तेव्हा ती थोराड बाई नुसती बाजूला झाली आणि हातानंच 'जा' म्हणाली.

पुढं डांबर लागलं. दापोडी आली, त्याचा स्वतःचा, खड्डा न् खड्डा पाठ असलेला रस्ता. तिथंच त्याच्या ध्यानात आलं की बराच वेळ झाला, 'दम' नाही आणि 'चल'ही नाही. त्यानं घाबरून आरशात पाहिलं. ठकुबाई तशीच बसली होती, डोळे मिटून. बोलायची गरज उरली नव्हती, म्हणून ती बोलत नव्हती. आता दगड तिच्या हाताला कळायच्या आधी त्याच्या हाताला कळत होता.

दवाखान्यात बिरूला फळीसकट उचलून आत नेलं. ठकुबाई त्याच्याबरोबर चालत गेली, हात न काढता. डॉक्टर तरुण होता. त्यानं फोटो काढवून घेतला, उजेडापुढं धरून दोनदा पाहिला आणि बाहेर येऊन म्हणाला, "हाड मोडलं तिथंच आहे, वाटेत हललेलं नाही. चाकणहून आणलंत? कुठल्या गाडीतून?"

"कांद्याच्या," ठकुबाई म्हणाली.

डॉक्टर हसला. पाय वाचेल, म्हणाला. म्हातारीनं मान हलवली आणि व्हरांड्यात येऊन बाकावर बसली. तिची बोटं उघडत नव्हती. साडेतीन तास एका जागी धरलेले ते दोन्ही तळवे मांडीच्या आकाराचे वळलेलेच राहिले होते. ज्योतीराम तिच्यापुढं खाली बसला आणि एकेक बोट हातात घेऊन चोळायला लागला. त्याच्या आईचे हातही त्यानं कधी असे धरले नव्हते. कातडी खरखरीत होती आणि आतली हाडं पाखराच्या हाडांसारखी बारीक होती.

"आजी," तो म्हणाला, "हॉर्न मी वाजवला. म्हणून तो वळला."

"ठावं हाय," ती म्हणाली. "आन् हितवर बी तूच आनलास. आता चोळ."

थोड्या वेळानं गवराबाई येऊन पोचली आणि सरळ आत गेली. बोटं सुटायला लागल्यावर ठकुबाई म्हणाली, "बाबा, तुझी मोटार बगायची ऱ्हाऊनच गेली बग. जल्मात पयल्यांदा बसले. कंच्या रंगाची व्हती?"

नऊ वर्षं तो लोकांना आधी रंग दाखवत आला होता. "निळी," तो म्हणाला.

"आसंल," ती म्हणाली.

त्यानंतर पेढीवर पितळेचा पेला दिसेनासा झाला. गिऱ्हाईक आलं की ज्योतीराम आधी शेडमधून कांद्याची पोती आणून डिकीत टाकायचा आणि सरळ शेताच्या वाटेला लागायचा. मालक चिडले, गाड्यांना कांद्याचा वास येतो म्हणाले. ज्योतीराम म्हणाला, येऊ दे. गंमत म्हणजे गाड्या पूर्वीपेक्षा जास्त खपायला लागल्या, पण कोणत्या माणसानं कोणती गाडी घ्यावी हे तो आता लगेच सांगत नसे. तुमच्या गाडीत कोण बसणार आहे, असं विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहायचा.

दसऱ्याला लक्ष्मणरावांनी त्याला चाकणला बोलावलं. वखारीच्या आवारात निळी गाडी धुऊन, झेंडूच्या माळा घालून उभी केली होती. ठकुबाई आली, गाडीभोवती फिरली आणि म्हणाली, "ही व्हय ती? निळीच हाय की."

पूजा झाल्यावर लक्ष्मणराव म्हणाले, "ज्योतीराम, पयली फेरी तू मार. ठकुमावशीला बसीव."

म्हातारी मागं बसली. ज्योतीराम स्टिअरिंगपाशी बसला आणि त्यानं किल्लीला हात घातला.

"थांब," ठकुबाई म्हणाली. "रिकामी न्हेऊ नगंस."

त्यानं वळून पाहिलं. वखारीच्या दारातून एक माणूस पाठीवर पोतं घेऊन येत होता. पोतं अर्धंच भरलेलं होतं आणि माणूस उजव्या पायावर किंचित लंगडत होता. दारापासून गाडीपर्यंत आवार ओलांडायचं होतं. आवारातल्या कुणी त्याला हात दिला नाही. सगळे उभे राहून त्याच्या पायाकडं बघत होते. गवराबाईनं पदर तोंडावर धरला होता. बिरू चालत आला, डिकीपाशी पाठ वळवली आणि पोतं आत सोडलं. गाडी मागनं दोन बोटं खाली बसली.

ते दोन बोटांचं बसणं ज्योतीरामला सीटमधून जाणवलं. बिरू पुढं आला, खिडकीपाशी वाकला आणि म्हणाला, "आता वाजवा की भोंगा, कदमभाऊ. त्या दिवशी गाडी नीट बगायला गावली न्हाई."

ज्योतीरामनं हॉर्न दाबला, आणि बिरू दोन्ही पायांवर उभा राहून गाडी बघत राहिला.